हिरुमाचं हसणं

सावामुकाईला हात्सुएनं कधी पाहिलं नाही. गोवरानं चौथ्या वर्षी तिचे डोळे नेले, त्यानंतर तिनं कुणालाच पाहिलं नव्हतं. पण अख्ख्या शिमोकिता द्वीपकल्पात त्या माणसाला तिच्याइतकं कुणी ओळखत नसेल. त्याची गाडी बंदरावर आली की हमाल बोलायचे थांबत, दुकानदार दारात येऊन कमरेत वाकत. आणि हाच माणूस दर जुलैत ओसोरे डोंगरावर हात्सुएच्या ताडपत्रीखाली येई, गुडघे मुडपून बसे, दोन्ही तळवे चटईवर टेकवी आणि कधीच मरून गेलेल्या माणसाला विचारी, "ओयाबुन, यंदा काय करू?"

टोळीतली माणसं म्होरक्याला ओयाबुन म्हणतात. बापाच्या जागी असलेला माणूस. बाहेर सावामुकाई शंभर माणसांचा ओयाबुन होता. ताडपत्रीखाली तो लेक व्हायचा.

हात्सुएचा बाप समुद्रात माकूल धरायला जायचा. त्या किनाऱ्यावर आंधळी पोर एक तर लोकांची अंगं रगडायला शिके, नाही तर इताको होई, म्हणजे मेलेल्यांना बोलायला आपलं तोंड देई. तेराव्या वर्षी आईनं हात्सुएला एका म्हाताऱ्या इताकोच्या घरी नेऊन सोडलं. तिथं दिवसभर मंत्र पाठ करायचे, आणि चुकलं की गुरुबाईची पळी डोक्यात बसायची. तिसऱ्या हिवाळ्यात शंभर दिवस रोज विहिरीचं पाणी अंगावर ओतून घ्यायचं होतं. केसांवर ओतलेलं पाणी खांद्यावर येईतो गोठून कडक व्हायचं. शेवटच्या दिवशी तिला नवरीचा वेष घालून एका देवाशी तिचं लग्न लावलं. मंत्र चालू असतानाच ती कोसळली. गुरुबाईनं तिच्या छातीवर हात ठेवला आणि जमलेल्यांना म्हणाली, "झालं. आता हिच्यात जागा झाली."

धंद्यातलं खरं काय ते गुरुबाईनं मरायच्या आदल्या वर्षी सांगितलं. "मेलेले दर वेळी येतातच असं नाही गं. शंभरातल्या नव्वद वेळा आपणच बोलायचं. तब्येतीला जप म्हणायचं, थडग्यावर पाणी घाल म्हणायचं. माणसं रडतात, हलकी होऊन घरी जातात. त्यात पाप नाही."

"आणि उरलेल्या दहा वेळा?"

"तेव्हा तुला कुणी विचारणार नाही," म्हातारी म्हणाली.

सावामुकाई पहिल्यांदा आला तेव्हा युद्ध संपून सहा वर्षं झाली होती. हात्सुए तिशीची, तो एकविसाचा. अंगाला माकुलाचा वास, आवाजात गुरगुर. जुलैची जत्रा होती. गंधकाचा वास नाकात बसला होता, आणि दगडांच्या राशींवर लोकांनी मेलेल्या पोरांसाठी खोवलेली कागदी भिरभिरी वाऱ्यानं सारखी तडतडत होती.

"आईला बोलवायचंय," तो म्हणाला. "तेत्सु नाव माझं. मी नऊ वर्षांचा होतो. मामाकडं सोडलं मला, संध्याकाळी येते म्हणाली. मेली कधी ते कळलं नाही. तारीख मामानं सांगितली तीच धरा."

हात्सुएनं रिठ्याच्या बियांची लांब माळ दोन्ही तळव्यांत घोळवली. माळेत अस्वलाची नखं, कोल्ह्याचा जबडा, जुनी नाणी. ती एकमेकांवर आपटून करकर वाजत. तिनं मंत्र म्हटले, वाट पाहिली. कुणी आलं नाही. मग तिनंच आवाज बारीक केला आणि म्हणाली, "तेत्सु, मी संध्याकाळी निघाले होते रे. पोचले नाही."

 मग चटईवर कपाळ टेकल्याचा आवाज आला, आणि एवढा दांडगा पोरगा हुंदके देऊन रडायला लागला. जाताना म्हणाला, "ताई, हिवाळ्यात इथं डोंगरावर नसालच. कुठं असता? एखादं गरम जाकीट पाठवतो." पाठवलंही. दर वर्षी एक. हात्सुएला त्याचा लळा लागला तो असा.

त्यानंतर तो दर जुलैत येत राहिला, आणि त्याचं काय चाललंय ते तिला त्याच्याकडूनच कळे. तो हिरुमा नावाच्या ओयाबुनच्या हाताखाली लागला होता. हिरुमाकडं जत्रांमधल्या टपऱ्या होत्या, बंदरावरचे हमाल होते, फाशांचे अड्डे होते. तिथंच सावामुकाईला कागाया भेटला. एकाच पेल्यातली साके पिऊन दोघं भाऊ झाले, कागाया थोरला. एकदा अड्ड्यावर सावामुकाईकडून मोठी चूक झाली. कागाया हिरुमापुढं जाऊन म्हणाला, "चूक माझी," आणि टोळीत माफी मागायची रीत म्हणून आपल्या करंगळीचं वरचं पेर कापून पांढऱ्या फडक्यात त्याच्यासमोर ठेवलं. हे सगळं सांगून सावामुकाई म्हणाला,

"असा भाऊ कुठं मिळतो, ताई?"

"मग जप त्याला," हात्सुए म्हणाली.

मग हिरुमा पोटाच्या कर्करोगानं गेला. शेवटचे तीन आठवडे वाचाच बसली, त्यामुळं वारस कोण हे सांगायचं राहिलं. टोळीत दोन तट पडले. कागायाचा मान मोठा, सावामुकाईची धमक मोठी. सुऱ्या बाहेर निघायच्या बेतात होत्या, तेवढ्यात सावामुकाईनंच तोड सुचवली. "ओयाबुनलाच विचारू की. डोंगरावर जाऊ. त्यांनी ज्याचं नाव घेतलं त्याचं राज्य."

त्या जुलैत चाळीस माणसं ताडपत्रीभोवती उभी राहिली. आत जायला दोन दगडी पायऱ्या होत्या. हात्सुएचा पाय अडखळला तेव्हा कुणीतरी हात दिला. कोरडा, उबदार हात, करंगळी आखूड. "हळू, ताई," कागाया म्हणाला. त्याचा एक पाय ओढत चालल्यासारखा वाजत होता.

हिरुमाला ती आयुष्यात भेटली नव्हती. तिनं माळ घोळवली, मंत्र म्हटले. कुणीच आलं नाही.  वहिनी शिगे, जी तिला हाताला धरून सगळीकडं न्यायची, ती मागं बसून गुडघ्यावर बोटं वाजवत होती. हात्सुएला वाटलं, काहीच बोललं नाही तर इथंच रक्त सांडेल. आणि खरं सांगायचं तर तिला अंगातल्या जाकिटाची ऊब आठवली. तिनं आवाज खाली ओढला आणि म्हणाली, "कागाया, तू थोरला आहेस. धाकट्याला सांभाळून घे. माझ्या जागी तेत्सु बसेल."

थोडा वेळ नुसती भिरभिरी वाजत राहिली. मग कागायाचे गुडघे जमिनीला टेकल्याचा आवाज आला. "ओयाबुनचा शब्द," तो म्हणाला. त्याच्यामागं एकेक करत सगळे वाकले.

घरी परतताना शिगे म्हणाली, "आज आला होता का गं तो खरंच?"

"गप चाल," हात्सुए म्हणाली.

सावामुकाईचं नशीब तिथून उघडलं. टपऱ्या आणि फासे त्याला पुरले नाहीत. मुत्सू खाडीतल्या समुद्रकाकड्यांना, तळाशी सरपटणाऱ्या त्या मऊ जीवांना, परदेशात सोन्याचा भाव आला होता. परवाना नसलेल्या होड्या, पाणबुडे, वाळवणाच्या गुप्त जागा, सगळं त्यानं उभं केलं. बोगद्यांच्या कामावर मजूर पुरवू लागला. गावच्या कुस्त्यांना बक्षिसं देई, मयताला सगळ्यात मोठं फुलांचं चक्र त्याचं असे. आणि प्रत्येक मोठ्या कामाआधी तो डोंगरावर येऊन हिरुमाला विचारी. हात्सुए सांगे: घाई करू नको. त्या बंदरावर हात टाकू नको. आजारी माणसाला कामावरून काढू नको. तिला वाटे, याला माझ्या तोंडून चार शहाणपणाच्या गोष्टी कळतात, कुणाचं तरी भलं होतं. तो सगळं ऐके. एकदा शिगेनं चूल फुंकता फुंकता थट्टा केली, "शंभर गुंडांची खरी ओयाबुन आमची हात्सुए, आणि इथं मुळा किसून द्यायला तिला कुणी नाही!" दोघी हसल्या. पण त्या रात्री हात्सुएला जेवण गेलं नाही.

नऊ जुलै असे गेले. दहाव्या वर्षी तो आला तेव्हा त्याच्या चालण्यातच फरक होता. बरोबर पाच-सहा माणसं होती, पण कागाया नव्हता.

"ओयाबुन," तळवे टेकवून तो म्हणाला, "आपल्या होड्या कुठं जाणार ते गस्तीच्या बोटींना आधीच कळतं. तीन वेळा झालं. आतलाच कुणीतरी सांगतोय. कागाया आहे का तो? एवढंच सांगा."

काय बोलायचं ते हात्सुएनं मंत्र म्हणतानाच ठरवलं. भावावर संशय घेऊ नकोस, एवढं एकच वाक्य. माळ थांबली. तिनं तोंड उघडलं.

पुढचं तिला कळलं ते एवढंच की शिगे ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसते आहे. घसा आतून सोलल्यासारखा दुखत होता. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"गेले?"

"गेले."

"मी काय म्हणाले, वहिनी?"

शिगेनं फडकं पिळलं. ते पाणी बराच वेळ ठिबकत राहिलं. "तू काही म्हणालीच नाहीस. हसलीस नुसती."

"हसले?"

"तसलं हसणं मी नाही गं ऐकलं कधी. श्वास बाहेर टाकून हसतो ना आपण? तू आत ओढून हसत होतीस. थांबेचना. त्यांच्यातला तो पांढऱ्या केसांचा म्हातारा उठून पळालाच. मी पाण्याच्या नळाशी गाठलं त्याला. त्याच्या हातातला डबा खाली पडला होता. म्हणाला, हिरुमाच्या गळ्यावर जुना वार होता, तो असाच हसायचा. आणि हसायचा तो एकाच वेळी, एखाद्या माणसाचा निकाल लावला की."

हात्सुएनं आपल्या गळ्याला हात लावला. तिथं काही नव्हतं. गुरुबाई म्हणाली होती तशी जागा होती, बस.

सावामुकाईला निरोप धाडावा, त्या हसण्याला काही अर्थ नव्हता म्हणून सांगावं, असं तिनं चार वेळा ठरवलं. पोस्टाच्या दारापर्यंत शिगेबरोबर एकदा जाऊनही आली. पण सांगायचं तर सुरुवातीपासून सगळंच सांगावं लागलं असतं. शरद ऋतूत बातमी आली की कागाया घरातून तंबाखू आणायला गेला तो परतलाच नाही.

पुढच्या जुलैत, जत्रेच्या पहिल्याच दिवशी, एक बाई ताडपत्रीखाली येऊन बसली. कपड्यांना कापराचा वास, आवाज बसलेला.

"कुणाला बोलवायचंय?" हात्सुएनं विचारलं.

"नवऱ्याला. कागाया आडनाव. मी तोकी."

हात्सुएची माळ हातातच राहिली. "कधी वारले?"

"तेच माहीत नाही. वारले की नाही तेही माहीत नाही. नऊ महिने झाले, पोलीस म्हणतात बाईबिई असेल दुसरी. तुम्ही बोलवा. आले तर मेले. नाही आले तर जिवंत आहेत, मी घरी जाऊन वाट बघते."

"तारखेशिवाय बोलवता येत नाही, बाई."

"मग ते गेले त्या दिवसापासून एकेक तारीख घ्या. मी बसते. मला घाई नाही."

हात्सुए नाही म्हणू शकली असती. तिनं पहिली तारीख घेतली. मग दुसरी. तिसरीला माळ तिच्या हातात थंड पडली, विहिरीतून नुकती काढल्यासारखी. या वेळी ती हरवली नाही. ती आतच होती. शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं तसं तिला आपल्याच तोंडातलं बोलणं ऐकू आलं, आणि बोलताना तिच्या ओठांतून खारट पाणी गळत होतं.

"तोकी. पोटावरचा लोकरी पट्टा घरीच राहिला बघ. खुंटीवर आहे. इथं पोटाला फार गार लागतं."

तोकीनं तोंडात बाही कोंबल्यासारखा आवाज केला.

"शिंपल्यांच्या शेतीचे दोर आहेत ना, जुन्या धक्क्यासमोर. तरंगत्या लाल गोळ्यांची रांग. तिसऱ्या दोराखाली. काकड्या तोंडावरून चालतात, हळू चालतात, कंटाळा येतो. तू वाट बघू नको आता."

तो थांबला. हात्सुएला वाटलं, गेला. पण तिची मान आपोआप वळली, तोकीकडून दुसरीकडं, जिथं कुणी बसलेलं नव्हतं, आणि तिला कळलं की आता तो तिच्याशीच बोलतो आहे.

"ताई, त्या वर्षी ओयाबुन आलेच नव्हते. मला तेव्हाच कळलं. ओयाबुननी मला कधी नावानं हाक मारली नाही, लंगड्या म्हणायचे. तुम्ही कागाया म्हणालात. पण म्हटलं बरं झालं. ती गादी मला नकोच होती. म्हणून वाकलो."

मग तोंड रिकामं झालं.

तोकी पोलिसांकडं गेली नाही. ती सरळ त्या शिंपल्यांच्या शेतीवाल्याकडं गेली आणि तिसरा दोर वर काढेपर्यंत धक्क्यावरून हलली नाही. कागाया तिथंच सापडला, आणि दोन दिवसांनी डोंगरावर जो तो तेच बोलत होता. हात्सुएच्या ताडपत्रीकडं यायला लोक घाबरू लागले, आणि रांगेत थांबलेले दोघंतिघं शेजारच्या इताकोकडं सरकले.

शेवटच्या दिवशी सावामुकाई आला. एकटाच. मागं बुटांचे आवाज नव्हते, गाडीही खाली लांब उभी केली असावी. तो नेहमीच्या जागी बसला.

"हिरुमाला बोलाव."

"नाही बोलवणार," हात्सुए म्हणाली. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. "तेत्सु, ऐक. हिरुमा कधीच आला नव्हता. तुला गादी दिली ती मी. होड्यांचं, बंदराचं, सगळं मीच सांगत होते. तुझी आईसुद्धा मीच होते. माझी जीभ झडो, पण ते सगळं माझं होतं."

 मग त्यानं विचारलं, अगदी हळू, एखाद्या पोरानं विचारावं तसं, "बरं. नाव तू घेतलंस. सल्ले तू दिलेस. मग गेल्या वर्षी हसलं कोण?"

हात्सुएनं हात मांडीखालून काढून गळ्याला लावला.

"नाही ना सांगता येत?" तो म्हणाला. "कागायालाही मी शेवटी विचारलं होतं, तू होड्यांची खबर विकलीस का म्हणून. तोही माझ्याकडं नुसता बघत राहिला. मला वाटलं, ओयाबुनपुढं खोटं बोलवेना म्हणून गप्प आहे, म्हणजे त्यानंच विकली." तो उठला. "होड्यांचं सांगणारा दुसराच निघाला. वाळवणावरचा कारकून. मार्चमध्ये कळलं."

टोळीच्या रिवाजाप्रमाणं एक तरणाबांड गडी गुन्हा आपल्या अंगावर घ्यायला तयार होता, कबुलीजबाब पाठही करून बसला होता. पण सावामुकाई त्याच संध्याकाळी स्वतः चौकीत गेला. त्याच्या माणसांना ते शेवटपर्यंत उमगलं नाही. त्याला तेरा वर्षांची शिक्षा झाली. टोळी दोन वर्षांत फुटली, होड्या दुसऱ्यांनी घेतल्या, आणि त्याचं नाव लोक आधी हळू आवाजात आणि मग अजिबातच घेईनासे झाले.

हात्सुएनं धंदा सोडला नाही. पोटाला दुसरं काय होतं? पण हिवाळ्यात ती गरम झऱ्यांपाशी एका छोट्या धर्मशाळेत राहून पाहुण्यांची अंगं रगडू लागली. साठीची झाली होती, पण बोटांत जोर होता. एका जानेवारीत, भरदुपारी, बाहेर बर्फ सगळे आवाज गिळत असताना मालकिणीनं तिला कोपऱ्यातल्या खोलीत पाठवलं. पाहुणा पालथा पडला होता. हात्सुएनं पाठीवर तळवे ठेवले आणि थबकली. खोलीत शेगडी धगधगत होती, माणूस नुकताच कुंडातून आला होता, मानेला घाम होता. पण खांद्यापासून कमरेपर्यंतचं कातडं गार होतं. टोळीतल्या माणसांचं पाठभर गोंदलेलं कातडं असंच असतं, त्याला घाम फुटत नाही. पण एवढं गार?

"ताई, मीच आहे," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "आखडलंय सगळं. जोरात दाबा."

तिनं दाबायला सुरुवात केली. बऱ्याच वेळानं विचारलं, "कधी सुटलास?"

"शरदात." मग म्हणाला, "ताई, तुरुंगात हिरुमा रोज यायचा."

तिचे अंगठे त्याच्या मणक्यावर थांबले. "काय म्हणायचा?"

"सांगत काही नाही. विचारतो. समोर बसतो, तळवे टेकवतो, मी बसायचो तसा. आणि विचारतो, तेत्सु, आता काय करू? कुणाला ठेवू? कुणाला काढू?"

"आणि तू?"

"मी गप्प बसतो. तोंड उघडलं आणि काही वेगळंच बाहेर पडलं तर? तेरा वर्षं मी रात्री तोंडाला फडकं बांधून झोपलो."

हात्सुएनं शेगडीकडं कान दिला. कोळसा फुटत होता. खोलीत तिसरं कुणी असतं तर तिला कळलं असतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. तरी विचारलंच, "आत्ता आहे का?"

"तुमच्या डाव्या हाताला," सावामुकाई म्हणाला.

ती डावीकडं वळली नाही. अंग रगडून पूर्ण केलं, पांघरूण घातलं, आणि त्याचा श्वास संथ होईपर्यंत तिथंच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तो गेला. मेच्या सुमारास आओमोरी शहरात भाड्याच्या खोलीत वारला, असं मालकिणीनं वर्तमानपत्रात वाचून सांगितलं. बातमी चार ओळींची होती. त्या जुलैत हात्सुए जत्रेचे पाचही दिवस ताडपत्रीखाली बसून होती. त्याच्या नावानं कुणी आलं नाही.

तोकी मात्र आली. ती दर वर्षी यायची, आणि कागाया त्या पहिल्या खेपेनंतर पुन्हा कधी आला नव्हता. दर वर्षी हात्सुए तिला तसं सांगायची आणि तोकी दुखरा गुडघा धरत निमूट उठून जायची.

"नाही आले," याही वर्षी हात्सुए म्हणाली. "मी बोलू शकते, बाई. पण ते तुमचे नसतील. माझंच असेल सगळं."

तोकी उठली नाही. तिनं गुडघ्यावरची धूळ झाडली. "तुमचंच असू दे," ती म्हणाली. "वर्षभर घरात माझ्याशी कुणी बोलत नाही हो."

हात्सुएनं माळ बाजूला ठेवली. मंत्र म्हटले नाहीत, आवाजही बदलला नाही.  मग म्हणाली, "गुडघा दुखतो का गं अजून?"

"दुखतो की," तोकी म्हणाली. "जिना चढवत नाही आता."